विषय कुणाचा?

पोरं येतात आणि म्हणतात, दादा, पीएच.डी.ला नाव घालायचंय, एखादा विषय द्या. विट्याहून येतात, कराडहून येतात, मागच्या पावसाळ्यात एक पोरगी जतहून एस.टी. बदलत बदलत आली. विषय द्या. जसा काही विषय म्हणजे रेशनची साखर. दुकानदारानं तराजूत घालायची आणि आपण पिशवी पुढं करायची. मी विचारतो, तुला काय कळून घ्यायचंय? की पोरं गप्प. मग हळूच खिशातनं कागद निघतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शैक्षणिक विचार : एक अभ्यास'. नाहीतर आर्थिक विचार. नाहीतर 'दलित आत्मकथनांतील सामाजिक जाणीव : एक चिकित्सक अभ्यास'.

बाबासाहेबांचं नाव घातलं की विषय आपला झाला, असं आपल्या पोरांना वाटतं. तसं होत नाही. विषय आपला होतो तो प्रश्नानं. आणि हा प्रश्न पहिल्यांदा कागदावर उतरतो तो सिनॉप्सिसमध्ये. विद्यापीठाच्या भाषेत संशोधन आराखडा. गाइडची सही घेण्यापुरता भरायचा फॉर्म समजून आपण तो उरकतो. तिथंच घात होतो. कुणी विचारायचं आणि कुणी सांगायचं, कुणाचं म्हणणं पुरावा आणि कुणाचं नुसतं रडगाणं, हे सगळं त्या आठ-दहा पानांत ठरून जातं. पुढची चार-पाच वर्षं मग हमाली उरते.

हे दाखवायला सातारा-सांगलीच्या फार बाहेर जायची गरज नाही. एकदा न्यूयॉर्कला जाऊन यावं लागेल, पण तेही साताऱ्याच्याच एका पोराबरोबर.

इंग्रज सरकारनं १८८५ साली सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा एकोणिसावा खंड. त्यात माणसं जातवार मांडलीत. घरं कशी, भांडी कसली, खातात काय, लग्न-मयताचे विधी कोणते. महार आहेत, मांग आहेत, चांभार आहेत. पिकांचं प्रकरण जसं, तसंच हे माणसांचं. ज्वारी काय म्हणते हे कुणी ज्वारीला विचारत नाही. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' आला. खेड्यावर मराठीत इतकं बारीक पुस्तक तोवर नव्हतं, हे मान्य करायला पाहिजे. बलुत्याचा हिशेब समजून घ्यायला मी अजून तेच पुस्तक काढतो. पण तो गाव पाहिलाय अंमलदाराच्या खुर्चीतनं. तिथनं महार दिसतो तो हक्क मागणारा, गावाला जड झालेला. तीच खुर्ची उचलून महारवाड्याच्या तोंडाशी ठेवली असती तर कोण कुणाच्या मानगुटीवर बसलं होतं ते निराळं दिसलं असतं. पण खुर्ची तिथं गेली नाही. आणि महारवाड्यात तेव्हा खुर्ची नव्हती, गोणपाट होतं.

गोणपाटाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर ह्या नावाची नोंद झाली, रजिस्टरला नंबर १९१४. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून महाराष्ट्र सरकार ती तारीख विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. पोरगं वर्गाच्या कोपऱ्यात वेगळं बसायचं, आपलं गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नव्हता. तहान लागली तर शिपाई यायचा, नळ सोडायचा, तेव्हा पाणी. शिपाई रजेवर, तर पाणीही रजेवर. घरी केस कापायला न्हावी येत नव्हता, भावांचे केस मोठी बहीण कापायची.

मग १९०१. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात रोखपालाच्या नोकरीवर. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खणायला काढला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार पोरं, भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुलं, नवे कपडे घालून आगगाडीनं मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पत्र पोचलंच नव्हतं, त्यामुळं घ्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तरनं कपडे बघून आधी गोडीनं विचारलं; जात कळली तसा मागं सरकला. गाडीवान दुप्पट भाड्याला तयार झाला, पण अट अशी की बैल पोरांनी हाकायचे आणि तो शेजारनं चालणार. फराळाचा डबा भरलेला, आणि घशाखाली उतरवायला पाणी नाही. जकात नाक्यावर मुसलमान आहोत असं सांगून बघितलं, तरी पाणी मिळालं नाही. रात्र तशीच काढली.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. चौदा एप्रिलला भाषणात हे सांगून आपण टाळ्या घेतो. पण ज्या मजकुरात हे आलंय त्याची सुरुवात किती जणांनी नीट वाचलीय? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हा मजकूर बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात लिहिला. हयातीत छापला गेला नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिका काढली, आणि १९९३ मध्ये सरकारी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात तो आला. सुरुवातीलाच ते स्वतःला विचारतात की परदेशातल्या माणसाला अस्पृश्यता कशी समजावून द्यावी. एक रस्ता म्हणजे सर्वसाधारण वर्णन करायचं. दुसरा म्हणजे घडलेल्या घटना, एकेक करून, तपशिलानं मांडायच्या. दुसरा रस्ता जास्त परिणामकारक म्हणून आपण तो धरला, असं ते सांगतात; आणि घटना काही स्वतःच्या, काही दुसऱ्यांच्या घेतल्या, हेही सांगून टाकतात.

मित्रांनो, ह्याला विद्यापीठात संशोधन पद्धती म्हणतात. दोन रस्ते होते, मी हा घेतला, कारण हे. माझा मजकूर इथनं आणि तिथनं आला. सिनॉप्सिसमधलं पद्धतीचं प्रकरण ह्याच्यापेक्षा वेगळं काय असतं? पुढं बघा. सातारचा प्रवास स्वतःचा. बडोद्यात राहायला जागा मिळेना तो प्रसंग स्वतःचा. चाळीसगावचा टांगा आणि दौलताबादच्या किल्ल्यावरचा पाण्याचा हौद हे बरोबरच्या माणसांसह पाहिलेलं. काठेवाडातल्या शिक्षकाच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरनं नीट तपासलं नाही, ती गेली, ही हकीकत त्या शिक्षकाच्याच छापलेल्या पत्रातनं. आणि बोरसदच्या भंगी समाजातल्या तलाठ्याची हकीकत सभेत त्यानं स्वतः सांगितलेली. स्वतःचा अनुभव, दुसऱ्याची साक्ष आणि छापील कागद, तीन ठिकाणचा पुरावा एका प्रश्नाभोवती आणून बसवलाय. आपण त्याला आत्मकथन म्हणतो आणि मराठी विभागाकडं पाठवून देतो.

आता न्यूयॉर्क. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर ह्यांचं मानववंशशास्त्राचं सेमिनार. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआसचे विद्यार्थी. तिथं पंचवीस वर्षांचा आंबेडकर जातींवर निबंध वाचतो. 'कास्ट्स इन इंडिया'. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. सिनॉप्सिस कसा लिहावा असं मला कुणी विचारलं तर मी कुठलंही गाइडबुक देत नाही, हा निबंध देतो.

का, ते सांगतो. आधी चार जणांच्या व्याख्या घेतल्या : सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर. हे झालं पूर्वीच्या संशोधनाचं परीक्षण. पण आपल्याकडं पोरं कशी लिहितात? अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे, यादी संपली, पान भरलं. बाबासाहेब प्रत्येकाजवळ थांबतात. सेनारनं विटाळाला महत्त्व दिलं, पण विटाळ ही जातीची खास खूण नव्हे. नेसफील्डनं रोटीबंदीला जातीचं लक्षण मानलं, तो परिणाम आहे, कारण नव्हे. रिस्लेनं नवं काही दिलं नाही. केतकरांना ते मान देतात. हे श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढं ज्ञानकोशकार झाले ते. कॉर्नेल विद्यापीठातनं पीएच.डी. घेतलेले. त्यांची व्याख्या जास्त जवळची, पण त्यांनी दोन लक्षणं म्हणून सांगितलेल्या गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आणि मग सगळ्यांची मिळून एक चूक : जात एकटी सुटी धरली, जातींच्या जाळ्यातली एक म्हणून पाहिली नाही. मोकळी जागा दाखवली. आणि त्या जागेत आपला प्रश्न ठेवला. जातीच्या आतच लग्न करायचं हा जातीचा गाभा असेल, तर जोडीदार मेल्यावर मागं राहिलेल्या बाईचं आणि बुवाचं जात काय करते? त्या एका प्रश्नातनं सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे तिन्ही उलगडत जातात. प्रश्न इतका साधा की आपल्या आजीलाही कळेल. आणि इतका धारदार की शंभर वर्षांनंतरही स्त्रीमुक्तीवाल्या अभ्यासकांना त्याच्यापाशी यावं लागतं. शेवटी म्हणतात की माझं चुकीचं ठरलं तर मी सोडून द्यायला तयार आहे.

तटस्थपणा म्हणतात तो हाच. तो तपासाला तयार असण्यात असतो, परकेपणात नसतो.

आपल्यासारखंच जिणं असलेल्या दुसऱ्या माणसाचंही नाव घेतो, कारण पँथर हा शब्द आपण तिकडनंच आणला. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात हा काळा पंडित घरोघर फिरला, माणसांशी बोलला, आणि १८९९ साली 'द फिलाडेल्फिया नीग्रो' छापलं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी युनोकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोघांनाही ठाऊक होतं की आपल्या लोकांचा कागद आपणच तयार केला पाहिजे.

परत साताऱ्याला येऊ. इथलंच पाचवड. १९०४ साली तिथं चांगदेव भवानराव खैरमोडे जन्मले. ह्या माणसाला पीएच.डी. नव्हती, गाइड नव्हता, फेलोशिप नव्हती. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी बाबासाहेबांची पत्रं जमवली, माणसं गाठली, आठवणी उतरवून घेतल्या, वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवली. चरित्राचा पहिला खंड १९५२ साली आला, बाबासाहेब हयात असताना. खंडामागून खंड लिहीत राहिले, १९७१ साली गेले, आणि उरलेलं बाड द्वारकाबाई खैरमोड्यांनी नेटानं छापून घेतलं. आज बाबासाहेबांवर जगात कुठंही कुणी लिहो, खैरमोड्यांच्या खंडांशिवाय त्याचं पान हलत नाही. आटपाडीचे शंकरराव खरात तसेच. 'तराळ-अंतराळ' १९८१ मध्ये आलं ते सगळ्यांना माहीत. पण बाबासाहेबांची पत्रं संपादित करून त्यांनी आधीच छापली होती, हे पोरांना सांगावं लागतं. मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेला माणूस, तराळाचा पोरगा.

ह्या मंडळींनी आराखडा कधी टाइप केला नसेल. पण काय शोधायचं, कुणाला विचारायचं आणि कशासाठी, हे डोक्यात पक्कं होतं.

दुसरीकडं परदेशातनं माणसं आली. एलिनॉर झेलियट ह्यांचा महार चळवळीवरचा प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ साली मान्य झाला. मॅक्सीन बर्नसन फलटणला आल्या, तिथली बोली जातीप्रमाणं आणि शिक्षणाप्रमाणं कशी बदलते ह्याच्यावर त्यांनी त्याच विद्यापीठात १९७३ साली प्रबंध दिला, आणि फलटणच्याच होऊन राहिल्या. गेल ऑम्वेट १९७०-७१ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासाला आल्या, बर्कलेची पदवी १९७३ ची, पुस्तक १९७६ चं. सत्यशोधकी जलसे, सातारा जिल्ह्यातलं १९१९ ते २१ चं कुळांचं बंड, हे सगळं त्यात आहे. त्या वाळवा तालुक्यात कासेगावला राहिल्या, चळवळीत उतरल्या, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावातच गेल्या. ह्या बायांविषयी मी वाकडं बोलणार नाही. त्यांच्यापाशी फेलोशिप होती, टेपरेकॉर्डर होता, वेळ होता, आणि जातीची पट्टी डोळ्यावर नव्हती. पण एक गोष्ट मला कायम टोचते. आपल्या आजोबांच्या बंडाची तारीख आपल्याला अमेरिकेत छापलेल्या तळटिपेतनं कळावी?

फलटणचंच बघा. इरावतीबाई कर्व्यांनी फलटण आणि भोवतालचा परिसर धरून केलेला अभ्यास १९६५ ला छापला गेलाय. चांगला अभ्यास आहे. आणि त्याच फलटणात बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासनं लपवून, वहीत लिहीत होत्या. वीसएक वर्षं त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही. बर्नसनबाईंनी पाठीस लागून ते बाहेर काढवलं; 'स्त्री' मासिकात १९८२ मध्ये क्रमशः, मग १९८६ ला 'जिणं आमुचं'. त्यात वीरगावचा महारवाडा आहे, आणि महारवाड्यातल्या सासवा सुनांना कसं छळत होत्या हेही आहे. आपल्यातल्या पुष्कळांना ते आवडलं नव्हतं. घरातली धुणी चव्हाट्यावर का, म्हणून. पण जातीनं पिळलेला माणूस आपल्यापेक्षा दुबळ्याला कसा पिळतो, हे बेबीताईंनी लिहिलं नसतं तर कुठल्या सर्व्हेत सापडलं असतं? १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना हुडकून काढून, त्यांच्या दारात जाऊन, मुलाखती घेऊन केलेलं काम. त्यांचा प्रश्न एकच होता : चळवळीत आमच्या बाया होत्या, तर इतिहासात का नाहीत?

आता माझं सांगतो. मी काही मोठा संशोधक नव्हे. माझा पहिला सिनॉप्सिस परत आला. कुठल्या विद्यापीठात आणि कुणापुढं, ते सांगण्यात अर्थ नाही. सगळीकडं टेबल तेच असतं. खानापूर तालुक्यातल्या तीन गावांत महार वतनाच्या जमिनींचं वतनं गेल्यावर काय झालं, हा माझा विषय. समितीनं तीन प्रश्न टाकले. गृहीतक कुठंय? नमुना एवढा लहान का, शंभर तरी घ्या, टक्केवारी काढा. आणि शेवटचा, जरा हसून : तुम्ही त्याच समाजाचे, मग तटस्थ कसे राहणार? मी गप्प बसलो. बाहेर येऊन चहा प्यायलो, आणि एस.टी.त बसल्यावर उत्तरं सुचायला लागली. ती आता तुम्हाला देतो, म्हणजे तुम्हाला टेबलावरच सुचतील.

गृहीतक म्हणजे आधी अंदाज बांधायचा आणि मग आकडे घेऊन तो खरा की खोटा ते बघायचं. मोजायच्या कामाला ते चालतं. पण जिथं काय घडलं, कसं घडलं आणि माणसांनी ते कसं समजून घेतलं हे शोधायचंय, तिथं आधीच उत्तर लिहून जाणं म्हणजे माणसाच्या तोंडात शब्द घालणं. तिथं गृहीतकाच्या जागी तीन-चार मार्गदर्शक प्रश्न लिहायचे, आणि तसं का, हे एका परिच्छेदात सांगायचं. नमुन्याचं म्हणाल तर ग्लेझर आणि स्ट्रॉस ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ सालीच मांडून ठेवलंय की नवी माणसं भेटूनही नवं काही निघेनासं झालं की थांबावं. किती माणसं, यापेक्षा कसली माणसं : जमीन राहिलेला, जमीन गेलेला, जमीन घेतलेला, आणि ज्या विधवेचं नाव वारसात लागलंच नाही ती. एकाच्या सांगण्यावरनं दुसऱ्याकडं जायचं, पण एकाच भावकीत अडकायचं नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोपाळ गुरूंनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दिलंय. समाजशास्त्रात सिद्धांत मांडायचा मक्ता वरच्यांकडं आणि माहिती गोळा करायची हमाली खालच्यांकडं, अशी वर्णव्यवस्थाच बसलीय, असं त्यांचं म्हणणं. आपल्या पोरांनी प्रश्नावल्या भरून आणायच्या आणि अर्थ दुसऱ्यानं लावायचा. पाटलाच्या पोरानं सहकारी साखर कारखान्यावर पीएच.डी. केली तर त्याला कुणी तटस्थपणा विचारत नाही. पण म्हणून मी त्याच समाजाचा, मला सगळं माहीतच आहे, असंही लिहू नका. सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा : मी कोण, कुठं उभा, मला काय सहज दिसणार आणि काय दिसणार नाही.

काय दिसणार नाही ते मला माझ्या आत्तीनं शिकवलं. वतनाचं मी कायद्यातनं पाठ केलं होतं. १८७४ चा वंशपरंपरा कामगारांचा कायदा, १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात आणलेलं दुरुस्तीचं बिल, मग कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा १९५८ चा मुंबई कायदा, १९५९ पासून अंमल. ठराविक रक्कम भरून जमीन परत नावावर करून घ्यायची, तीही नव्या शर्तीवर. हे घोकून मी आत्तीपुढं वही घेऊन बसलो.

"काय लिवतुयास रं?"

"वतनाच्या जमिनीचं, आत्ती."

"जिमिनीचं तुज्या बाला इचार. मला इचार त्या दिसाचं, पैशे भरायचं हुतं त्या दिसाचं."

मग तिनं सांगितलं की पैसे भरायला तिच्या गळ्यातली पोत मोडली. पावती दाजींच्या नावची, सातबारा दीरांच्या नावचा. पोतीचा उल्लेख कुठल्याच फेरफाराला नाही. मी सहा महिने तलाठ्याकडं आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कागद चाळत होतो, आणि माझ्या चार प्रश्नांत एकही प्रश्न बाईला विचारायचा नव्हता. "माजं नाव घालू नगंस," ती म्हणाली, "पोतीचं मातर घाल." घरी येऊन मी सिनॉप्सिस नव्यानं लिहिला. पैसे कुणी उभे केले, हा प्रश्न पहिला झाला. दुसऱ्या वेळी तो मंजूर झाला.

नाव न घालण्यावरनं आठवलं. मुलाखत घेताना माणसाला सांगा की हे कुठं जाणार, कोण वाचणार. नको म्हणाला तर वही मिटा. गावात चाळीस घरं असतात, नाव बदललं तरी 'तीन पोरींची विधवा' म्हटलं की सगळ्यांना कळतं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची केस कोर्टात चालू असेल तर दुप्पट जपा. तुमचा प्रबंध कपाटात बसेल, साक्षीदाराला त्याच रस्त्यानं पाणी आणायला जायचंय.

कागद शोधताना जिल्ह्याच्या हद्दी पाहा. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग तोडून दक्षिण सातारा जिल्हा केला, त्यालाच १९६० मध्ये सांगली नाव दिलं. तासगाव, वाळवा, खानापूरचा जुना कागद म्हणून साताऱ्याच्या नावानं शोधावा लागतो. आटपाडी होती औंध संस्थानात, जत वेगळं संस्थान, सांगली-मिरज पटवर्धनांची. एका तालुक्यासाठी तीन दप्तरं धुंडाळावी लागतात. विषय लहान करा असं मी म्हणतो ते म्हणून. 'महाराष्ट्रातील' हा शब्द शीर्षकातनं खोडला की निम्मं काम झालं.

आणि एक, जे ऐकायला आपल्याला आवडत नाही. वाटेगाव इथं जवळ. अण्णाभाऊंचं गाव. 'फकिरा' १९५९ मध्ये आली, त्याआधी ती कहाणी मांगवाड्याच्या तोंडात होती. आमच्यातला एक हुशार पोरगा मांगवाड्यावर काम करायला गेला आणि परत येऊन म्हणाला, दादा, लोक बोलतच नाहीत. बोलतील कसे? तो बौद्धवाड्यातनं आलेला, हातात वही, पायात बूट, आणि बोलण्यात 'त्यांचं प्रबोधन'. मांगवाड्यासाठी तो अंमलदारच. खुर्ची आपल्या बुडाखालीही येते. वडार, कैकाडी, फासेपारधी ह्यांच्या पालावर जाताना तर हे फार ध्यानात ठेवा. तिथं आपण परके, तसं लिहा, आणि जमलं तर तिथल्याच एखाद्या पोराला बरोबर घ्या. माहिती आणणारा गडी म्हणून नव्हे, नाव घालून.

पैशाचं आणि वेळेचं वेळापत्रक खरं लिहा. एम.फिल.ची पायरी २०२२ च्या यूजीसी नियमांनी काढून टाकली, त्यामुळं एम.ए.च्या लघुप्रबंधानंतर एकदम मोठी उडी मारावी लागते. लघुप्रबंध म्हणूनच टाळाटाळीचा करू नका, आराखडा लिहायची तालीम तिथंच होते. फेलोशिप वेळेवर येईल असं धरू नका. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली पोरं आझाद मैदानात बसली होती. आणि प्रती काढून ठेवा. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतताना त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं तिला पाणतीर लागला, पुस्तकं आणि कागद समुद्रात गेले. १९७० मध्ये स्टॅनफर्डला एम. एन. श्रीनिवासांच्या टिपणांना जाळपोळीत आग लागली, त्यांनी मग आठवणीवर पुस्तक लिहिलं. आपल्या झोपडीचं छत तर पहिल्या वळवालाच गळतं. प्रबंध परत आला म्हणून खचू नका, हेही त्याच ओघात सांगतो. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये परीक्षकांनी बदल करायला सांगून परत केला होता. बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो दुरुस्त केला, पुन्हा पाठवला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. प्रस्तावनेत एडविन कॅनन ह्या त्यांच्या प्राध्यापकानं स्पष्ट लिहिलंय की लेखकाचं सगळंच मला पटत नाही. गाइड असा पाहिजे. सापडत नाही, ते सोडा.

ती जतची पोरगी. तिच्याही कागदावर शैक्षणिक विचारच होते. मी म्हटलं, पोरी, घरी जा, आजीजवळ बस, आणि तिनं सांगितलेली एक गोष्ट अशी आण की जी तुला कळली नाही. दिवाळीनंतर आली. म्हणाली, दादा, आजी बाहत्तरच्या दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडायला होती. सगळ्या जातीच्या बाया एका ओळीत बसायच्या, मजुरी सारखी, हजेरीपट एक. आजी म्हणते, तेवढं एक वर्ष आम्ही सगळ्या सारख्या. पण पाण्याचं विचारलं की गप्प होते. कामावर पाणी कुणी वाढायचं, कशातनं, कुणाच्या हातानं, ते सांगत नाही.

मी तिला १९०१ चा खटावचा तलाव सांगितला, तोही दुष्काळी कामाचाच. तिला तो माहीत होता. सध्या ती जत आणि आटपाडीतल्या म्हाताऱ्या बायांना भेटत फिरतेय, मराठवाडी, धनगरवाडी, मांगवाडा, बौद्धवाडा, सगळीकडं. सिनॉप्सिसचा कच्चा खर्डा माझ्याकडं आलाय. सहा पानं आहेत. गृहीतकांच्या रकान्यात तिनं लिहिलंय : पाणी कोण वाढत होते?